बारावी व्हायच्या आधीच कॉलेजचे क्रेडिट: एका आईचा अनुभव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची कराडची, गेली चौदा-पंधरा वर्षं अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सिएटलच्या उत्तरेला बॉथेल म्हणून गाव आहे तिथे राहते. आपला पेपर रोज फोनवर वाचते. इथल्या शिक्षणाबद्दल मराठी पेपरात जे येतं ते बहुतेक हार्वर्ड, स्टॅनफर्ड, व्हिसा आणि एज्युकेशन लोन एवढ्यावरच असतं. ते चुकीचं नाही, पण इथे साध्या सरकारी शाळेत शिकणाऱ्या मुलांना अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजचे कोर्स करता येतात आणि त्याचे क्रेडिट (म्हणजे किती अभ्यास पुरा झाला ते मोजायचं माप) शाळेलाही धरतात आणि कॉलेजलाही, याबद्दल मी मराठीत कुठे फारसं वाचलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांब झालंय, कापायचं तर कापा.

माझ्या थोरल्या मुलीने हे केलं. ती अकरावीत गेली त्या सप्टेंबरात मी कराडला फोनवर सांगितलं की आता ती कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे इथलं दोन वर्षांचं, कमी फीचं सरकारी कॉलेज) जाते, तर माझ्या नणंदेने एकदम आवाज खाली करून विचारलं, "वहिनी, शाळेतून काढलं का हो तिला?" तिचा दोष नाही. इथे बॉथेल, रेडमंड, बेलव्ह्यू या भागात इतकी मराठी कुटुंबं आहेत, त्यांच्यातही कम्युनिटी कॉलेज म्हटलं की लोकांचे चेहरे बदलतात, म्हणजे ज्याला कुठे ॲडमिशन मिळाली नाही तो तिथे जातो असा एक समज घट्ट बसलाय. गणपतीच्या कार्यक्रमात एका ओळखीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तिला एपीचे (शाळेतच शिकवले जाणारे वरच्या पातळीचे) विषय घ्यायला लाव, हे कशाला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं कारण मलाच खात्री नव्हती.

तर हे नेमकं आहे काय ते सांगते. अमेरिकेत याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. मिनेसोटा राज्याने १९८५ साली गव्हर्नर रूडी पर्पिच असताना पहिल्यांदा राज्यभरासाठी कायदा केला. आमच्या वॉशिंग्टनमध्ये १९९० ला कायदा झाला, त्याचं नाव रनिंग स्टार्ट. २०२२-२३ या वर्षात अख्ख्या अमेरिकेत जवळजवळ २५ लाख शाळकरी मुलांनी असा एखादा तरी कॉलेजचा कोर्स केला होता, म्हणजे ही काही चार हुशार मुलांची सोय राहिलेली नाही.

रनिंग स्टार्टमध्ये अकरावी-बारावीची मुलं खरोखरच कॉलेजात जाऊन बसतात, कॉलेजच्याच वर्गात, कॉलेजच्याच प्राध्यापकांसमोर. ट्यूशन फी लागत नाही. पुस्तकं, लॅबची फी, थोड्या इतर फिया आपण भरायच्या, आणि ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना त्यातही माफी असते. शाळेचं शिक्षण जसं फुकट तसंच हे, म्हणून आमच्यासारख्या एच फोर व्हिसावर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचा व्हिसा) वाढलेल्या मुलांच्या घरांना याचं महत्त्व जास्त, कारण या मुलांना पुढे कॉलेजात सरकारी फेडरल मदत मिळत नाही. राज्याच्या मोठ्या विद्यापीठात इथल्या रहिवाशाला वर्षाला १२-१३ हजार डॉलर नुसती ट्यूशन फी आहे, कम्युनिटी कॉलेजात साडेचार-पाच हजार. हा हिशोब कुणी कागदावर मांडून दाखवला असता तर त्या गणपतीत मी त्या बाईंना उत्तर देऊ शकले असते.

दुसरी गोष्ट जी मला फार उशिरा समजली ती म्हणजे क्रेडिटचा हिशोब. इथली कम्युनिटी कॉलेजं क्वार्टरवर चालतात, एक क्वार्टर साधारण दहा-अकरा आठवड्यांचा. त्या एका क्वार्टरमध्ये ५ क्रेडिटचा एक कोर्स पूर्ण केला की शाळेत तो १ क्रेडिट धरतात, आणि शाळेतलं १ क्रेडिट म्हणजे वर्षभर चाललेला एक विषय! म्हणजे जो इंग्रजीचा विषय शाळेत सप्टेंबर ते जून चालतो तो मुलगी सप्टेंबरच्या शेवटी सुरू करून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपवते. ऐकायला छान वाटतं, पण वेग किती आहे ते बघा. शाळेत दोन आठवडे आजारी पडलं तर भरून काढता येतं, इथे दोन आठवडे गेले म्हणजे पाचवा हिस्सा गेला.

आणि इथेच आमचं अडलं. तिने पहिल्याच क्वार्टरला कॅल्क्युलस घेतलं, सोबत इंग्रजी, आणि दोन विषय शाळेत. सकाळी शाळेत, मग बसने कॉलेजात, संध्याकाळी घरी. (२०२२ पासून या राज्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बस फुकट आहे, ती नसती तर मला नोकरी सोडून ड्रायव्हर व्हावं लागलं असतं.) शाळेत गणितात तिला कायम ए असायचा म्हणून आम्हाला काही वाटलं नाही. कॉलेजात होमवर्कला मार्क जवळजवळ नाहीत, दोन मिडटर्म आणि एक फायनल, कुणी मागे लागत नाही, वही तपासत नाही. पहिल्या मिडटर्मला ती घसरली आणि तिने घरी सांगितलंच नाही. मला शंका आली म्हणून मी कॉलेजला फोन केला तर त्यांनी अगदी नम्रपणे सांगितलं की आम्ही तुम्हाला काही सांगू शकत नाही. इथला कायदा असा आहे की मूल कॉलेजात नाव घालतं त्या दिवसापासून कॉलेजातल्या रेकॉर्डचा हक्क त्या मुलाचा, आईबापांचा नाही, मग मूल सोळा वर्षांचं असलं तरी. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. सोळा वर्षांची पोरगी, तिचा डबा मी भरते, आणि तिचे मार्क मला विचारायचा हक्क नाही!

शेवटी तिला त्या कोर्समध्ये सी प्लस पडला. शाळेतला सी प्लस असता तर एवढं काही नव्हतं. पण हा कॉलेजचा ग्रेड आहे, कायमचा. ती पुढे कुठल्याही विद्यापीठात गेली तरी हा ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची गुणपत्रिका) दाखवावा लागतो, उद्या मेडिकलला अर्ज केला तर शाळेत असताना केलेले कॉलेजचे कोर्ससुद्धा जीपीएत (सगळ्या ग्रेडच्या सरासरीत) धरतात. आमच्या कॉलेजात पहिल्या दहा दिवसात कोर्स सोडला तर नोंद राहत नाही, नंतर सोडला तर डब्ल्यू (विथड्रॉवल, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची नोंद) लागतो आणि डब्ल्यू लागला की शाळेतलं ते क्रेडिट पण मिळत नाही, मग शाळेच्या ग्रॅज्युएशनला २४ क्रेडिट लागतात त्यात खड्डा पडतो. हे सगळं मला तो ग्रेड पडल्यावर समजलं. शाळेच्या काउन्सेलरकडे दर क्वार्टरला एक फॉर्म सही करून घ्यावा लागतो, त्या सहीच्या वेळी पाच मिनिटं बसून कुणी आम्हाला हे सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण काय विचारायचं तेच माहीत नव्हतं. आम्ही दोघंही भारतात शिकलेले, आमच्या डोक्यात क्रेडिट नावाची गोष्टच नव्हती, आम्हाला पर्सेंटेज समजतं.

यात पैशाचीही एक बाजू आहे आणि ती उघड बोलायला हवी. मूल रनिंग स्टार्टला गेलं की त्या मुलामागे राज्याकडून शाळेला मिळणारा पैसा कॉलेजातल्या कोर्सच्या प्रमाणात कॉलेजकडे जातो, त्यातले साधारण ९३ टक्के कॉलेजला, ७ टक्के शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे) राहतात. मूल शाळेच्या इमारतीत अर्धा दिवस येतं, काउन्सेलर शाळेचा, डिप्लोमा शाळेचा, पण तेवढा पैसा गेला. अशा वेळी सगळ्याच शाळा या योजनेची उत्साहाने माहिती देतील अशी अपेक्षा करणं कठीण आहे. कायद्याने माहिती द्यावी लागते आणि देतातही, पण ईमेलमध्ये एक लिंक देणं वेगळं आणि पालकाला समोर बसवून सांगणं वेगळं. ज्या घरात आईवडील कॉलेजात गेलेले नाहीत, इंग्रजी येत नाही, दोन-दोन नोकऱ्या आहेत, त्या घरापर्यंत ती लिंक पोचतच नाही. मला तर वाटतं ज्या मुलांना या योजनेची सगळ्यात जास्त गरज आहे तीच सगळ्यात कमी येतात, आणि हे मला मनापासून खटकतं.

आता एपीचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एपी म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा वरच्या पातळीचा विषय आणि मे महिन्यात कॉलेज बोर्डाची एक परीक्षा, ५ पैकी मार्क, त्यावर पुढचं विद्यापीठ क्रेडिट द्यायचं की नाही ते ठरवतं. आपल्या लोकांना ते आवडतं कारण ते आपल्या बोर्डाच्या परीक्षेसारखं आहे, एक दिवस, एक पेपर, एक आकडा. काही मुलांना ते छान जमतं आणि ज्यांना देशभरातल्या नावाजलेल्या खासगी विद्यापीठांत जायचंय त्यांनी एपीच करावं असं मीही म्हणेन, कारण त्यातली बरीच विद्यापीठं शाळेत असताना केलेल्या कॉलेज कोर्सचं क्रेडिट देत नाहीत. पण माझी मुलगी परीक्षेच्या दिवशी गोठणारी आहे. तिला दहा आठवडे रोज काम दिलं तर ती करते, तीन तासांच्या एका पेपरवर वर्ष लावलं की तिचा हात थरथरतो. अशा मुलांसाठी एपी हा एकच रस्ता असता तर तिच्या हाताला एकही क्रेडिट लागलं नसतं.

(आणखी एक प्रकार आहे, कॉलेज इन द हायस्कूल, त्यात कोर्स कॉलेजचा पण शिकवणारा शिक्षक शाळेचाच, वर्ग शाळेतच. २०२३ च्या कायद्याने आमच्याकडे सरकारी संस्थांच्या अशा कोर्सची फी पण माफ झाली. धाकट्याला कदाचित तेच घ्यायला लावेन, तो अजून स्वतःची बॅग भरत नाही.)

त्या सी प्लसनंतर आम्ही थांबायचं ठरवत होतो. तिनेच ऐकलं नाही. म्हणाली, "आई, मी परत गणित घेणार, पण आता एका वेळी दोनच विषय." आणि ती स्वतःहून प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जायला लागली. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मी स्वतः बीएस्सीच्या तीन वर्षांत एकाही सरांच्या खोलीत शंका विचारायला गेले नव्हते, धाडसच नव्हतं. सोळा वर्षांची मुलगी दार वाजवून आत जाते आणि म्हणते मला चेन रूल समजला नाही. ट्यूटरिंग सेंटर फुकट, लायब्ररीत पाठ्यपुस्तकं वाचायला ठेवलेली, काही प्राध्यापक ओपनस्टॅक्सची फुकट पुस्तकं वापरतात त्यामुळे दीडशे-दीडशे डॉलर वाचले. तिची केमिस्ट्री लॅबची पार्टनर चाळिशीची बाई होती, दोन मुलांची आई, नर्सिंगसाठी परत शिकायला आलेली. एक सैन्यातून निवृत्त झालेला माणूस, एक नुकतीच इथिओपियातून आलेली मुलगी. शाळेत सगळे एका वयाचे, एका भागातले. या वर्गात तिला पहिल्यांदा दिसलं की शिक्षण ही लोकं किती कष्टाने मिळवतात, रात्रपाळी करून सकाळी आठला लॅबमध्ये उभी राहतात. हे मी तिला घरात बसून कितीही सांगितलं असतं तरी शिकवू शकले नसते.

गमावलं पण. शाळेतल्या ऑर्केस्ट्रामध्ये ती व्हायोलिन वाजवायची, वेळ जुळेना म्हणून सोडावं लागलं. मैत्रिणी कमी झाल्या. कॉलेजची सुट्टी मार्चच्या शेवटी आणि शाळेची एप्रिलमध्ये, त्यामुळे दोन वर्षं आम्ही सगळे मिळून कुठे गेलो नाही. एकदा ती म्हणाली की शाळेत मी पाहुणी आणि कॉलेजात लहान, माझी जागा कुठे आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

बारावी संपताना तिच्याकडे ६५ क्रेडिट होते. ९० झाले की असोसिएट डिग्री (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची डिग्री) मिळते आणि राज्यातल्या विद्यापीठांशी करार असल्यामुळे पहिल्या दोन वर्षांचे जनरल विषय त्यात सुटतात, तिला तेवढं जमलं नाही आणि आम्ही जोरही केला नाही. भीती होती की एवढे क्रेडिट असल्यावर विद्यापीठ तिला ट्रान्सफर (दुसऱ्या कॉलेजातून मध्येच आलेली विद्यार्थिनी) म्हणून बघेल की काय, पण युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन रनिंग स्टार्टच्या मुलांना फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचे नवे विद्यार्थी म्हणूनच अर्ज करू देते, क्रेडिट कितीही असोत. कोर्सच्या कोडमध्ये विषयाच्या नावाला चिकटून 'अँड'चं ते छोटं चिन्ह असलं की समजायचं हा कोर्स राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजात एकाच नंबरने चालतो, ट्रान्सफरला सोपा. कोर्स निवडताना आधी ते चिन्ह बघा, हे मी आता इथल्या प्रत्येक मराठी आईला सांगते. आज ती सरकारी विद्यापीठात आहे, पहिल्या वर्षाचा बराचसा भाग आधीच झालाय, आणि मुख्य म्हणजे पहिल्या सेमिस्टरला नवी मुलं जशी भांबावतात तशी ती भांबावली नाही. तिचं ठेच लागणं घरी असताना झालं, रात्री रडायला आई शेजारी होती.

आता माझा खरा मुद्दा. हे सगळं मी कराडला भाच्याला सांगत होते, तो तिकडे अकरावी कॉमर्सला आहे, तर तो म्हणाला, "मामी, पण आमचं तर आधीच कॉलेज आहे." आणि मला जाणवलं की खरंच! महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली बॅच बाहेर पडली तेव्हापासून अकरावी-बारावीला आपण ज्युनियर कॉलेज म्हणतो. कितीतरी ठिकाणी ते सीनियर कॉलेजच्याच आवारात, एकच गेट, एकच कँटीन, एकच मैदान. माझ्या मुलीला जे करायला बस पकडून दुसऱ्या गावात जावं लागत होतं ते आपल्याकडे जिना चढून होण्यासारखं आहे. पण भाच्याच्या वर्गाच्या वरच्या मजल्यावर एफवायचा अर्थशास्त्राचा तास चालतो आणि त्याला तिथे बसता येत नाही.

आणि कागदावर तर सगळी तयारी आहे हो. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं, २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणारं ऑनलाइन खातं) सुरू झाली, २०२३ मध्ये नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क आलं ज्यात शाळेपासून पीएचडीपर्यंत सगळं एकाच क्रेडिटच्या हिशोबात बसवलंय. शाळांनी पालकांकडून अपार आयडीची (मुलाचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक) संमतीपत्रं भरून घेतली. २०२२ ला यूजीसीने एका वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिली. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएसची पात्रता परीक्षा अकरावी झालेल्या मुलाला देता येते, फक्त प्रत्यक्ष प्रवेश बारावीनंतर. म्हणजे बँक उघडली, खातं उघडलं, पण अकरावी-बारावीच्या मुलाने त्यात कॉलेजचं क्रेडिट भरायचं कसं ती खिडकीच नाही. दोन डिग्र्या एका वेळी चालतात तर बारावीच्या मुलाला एफवायचा एक, फक्त एक विषय का चालू नये?

मला माहितीय लगेच काय म्हणतील. आमची मुलं जेईई, नीट, सीईटीमध्ये बुडालेली आहेत, त्यांना वेळ कुठे. खरं आहे, कितीतरी मुलं ज्युनियर कॉलेजात नावापुरती आहेत आणि दिवसभर क्लासमध्ये बसतात. पण सगळी नाही ना. आर्ट्स आणि कॉमर्सची एवढी मुलं आहेत, सायन्सची पण जी एन्ट्रन्सच्या शर्यतीत नाहीत अशी आहेत, त्यांच्यासाठी आपण काय ठेवलंय? त्यांना अकाउंट्सचा किंवा मराठी साहित्याचा किंवा मानसशास्त्राचा एक एफवायचा पेपर करू द्या, पास झाला तर क्रेडिट खात्यात जमा, पुढे त्याच विद्यापीठात आला तर तो विषय सुटला. ज्या मुलीचं बारावीनंतर लग्नाचं बोलायला लागतात तिच्या खात्यात आधीच कॉलेजचे दोन विषय जमा असतील तर तिला घरात म्हणता येईल की माझं कॉलेज सुरू झालंय, मध्येच नाही सोडणार. मी अशा मुली पाहिल्यात. माझ्या वर्गात होत्या.

फक्त इथल्या चुका तिकडे करू नका. तो ग्रेड कायमचा असतो हे पहिल्या दिवशी पालकांना मराठीत, तोंडी सांगा. पहिला विषय गणिताचा नको. नापास झाला तर नोंद पुसता येईल एवढी मोकळीक पहिल्या विषयाला तरी ठेवा. आणि टॉपरसाठी म्हणून सुरू करू नका, ९० टक्क्यांची अट घातली की संपलं, ती मुलं कशीही पुढे जातातच.

आपल्या वाचकांमध्ये ज्युनियर आणि सीनियर दोन्हीकडे शिकवणारे बरेच प्राध्यापक असतील. कुणी आपल्या कॉलेजात अकरावी-बारावीच्या मुलाला वरच्या वर्गात बसू दिलं असेल, अगदी नियमात नसताना सुद्धा, तर काय झालं ते आपल्या पेपरात जरूर लिहावं. भाच्याला मी कात्रण पाठवणार आहे, त्याला त्या वरच्या मजल्यावरच्या अर्थशास्त्राच्या सरांना दाखवायचंय.

कळावे,
आपली एक वाचक,
बॉथेल, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका